मावळ : प्राचीन इतिहास व वारसा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगत पसरलेला डोंगराळ प्रदेश. सातवाहनकालीन शिलालेखांत तो ‘मामाल’ वा ‘मामाड’ या नावाने उल्लेखिलेला असून त्या काळी तो ‘आहार’ या दर्जाचा एक स्वतंत्र शासकीय विभाग होता. मध्ययुगात जुन्नरपासून दक्षिणेकडे वाईपर्यंतच्या डोंगरी खोऱ्यांना व्यापक अर्थाने मावळ म्हणत आणि त्यांची गणना ‘बारा मावळ’ अशी करीत. आजचा मावळ तालुका हा या विस्तृत प्रदेशाचा एक भाग होय. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तीन खोरी त्यात मोडतात. वडगाव हे तालुक्याचे ठाणे असून लोणावळा व तळेगाव दाभाडे ही त्यातील प्रमुख नगरे आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या तालुक्यातील प्राचीन अवशेषांचा आणि त्यांवरून उलगडणाऱ्या इतिहासाचा परामर्श घेतला आहे.

नाव : सूर्य मावळतो त्या दिशेचा मुलूख म्हणून मावळ, अशी व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. पुण्याहून पाहता ती अर्थाला जुळते, त्यामुळे ती रूढ झाली यात नवल नाही. तथापि नावाचे प्राचीन रूप ‘मामाल’ असल्याचे कार्ले येथील लेखावरून दिसते. प्राकृतातील दोन स्वरांमधील ‘म’काराचा मराठीत ‘व’ होतो. ग्रामाचा गाव, नामाचे नाव, श्यामलाचा सावळा ही त्याची परिचित उदाहरणे होत. त्याच नियमाने मामालाचे मावळ झाले. म्हणजे हे नाव ‘मावळणे’ या क्रियापदावरून नंतर पडलेले नसून किमान अठराशे वर्षे लोकांच्या जिभेवर चालत आले आहे. महाराष्ट्रातील फार थोड्या प्रदेशनामांना एवढा जुना लेखी आधार आहे. लोणावळा हे नाव ‘लेणावली’ म्हणजे लेण्यांची ओळ यावरून आले, असेही सांगतात. ते आकर्षक असले, तरी त्याला मामालासारखा लेखी पुरावा नाही. कार्ल्याच्या डोंगराखालील वेहेरगाव या नावात मात्र ‘विहार’ हा शब्द शिल्लक राहिलेला दिसतो.

भूस्वरूप : मावळचा इतिहास समजण्यास त्याची भूरचना लक्षात घेणे आवश्यक आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा उभा कडा कोकणात उतरतो, तर पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा आणि त्यांमधील रुंद, सपाट खोरी पुण्याच्या पठाराकडे हळूहळू उतरत जातात. इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावून देहू-आळंदीकडे वाहते व तुळापूर येथे भीमेस मिळते. तिच्या दक्षिणेच्या खोऱ्यातून पवना वाहते. घाटाच्या पश्चिम उतारावर राजमाचीच्या परिसरात उल्हास नदीचा उगम होतो आणि ती कल्याणकडे जाते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर असून येथे वर्षाला सरासरी ४०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो; पूर्वेकडे वडगाव-तळेगावच्या बाजूस तो झपाट्याने कमी होत जातो. पावसाळ्यातील चार महिने वाट बिकट, उरलेले आठ महिने खुली. भिक्षूंच्या वर्षावासाला आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांना हेच ऋतुचक्र पाळावे लागे. भात हे येथील मुख्य पीक होय. आज घरोघरी माहीत असलेला ‘इंद्रायणी’ हा तांदळाचा वाण वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात तयार झाला.

घाटवाट : येथील कडा सहज उतरता येण्याजोग्या जागा मोजक्याच आहेत. त्यांत खंडाळ्याजवळचा बोरघाट सर्वांत सोयीचा. त्याच्या दक्षिणेस कुरवंडे घाट आणि उत्तरेस राजमाचीच्या कुशीतून कोंढाणे लेण्यांकडे उतरणारी वाट आहे. घाटाखाली एका बाजूस उल्हास खोऱ्यातून कल्याण व शूर्पारक (नालासोपारा) ही बंदरे, तर दुसऱ्या बाजूस चौल बंदर गाठता येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवृत्तात (एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस) या तिन्ही बंदरांची नावे आहेत आणि देशावरील पैठण व तेर (तगर) येथून समुद्राकडे माल येत असल्याचाही उल्लेख आहे. या बंदरांहून देशावर चढणाऱ्या वाटांपैकी जुन्नरचा नाणेघाट तेथील सातवाहन राजघराण्याच्या लेखामुळे अधिक प्रसिद्धी पावला. बोरघाटाच्या माथ्यावर तसा राजलेख नाही. पण घाटाच्या दोन्ही अंगांना कोरलेली लेणी ही वाट किती वाहती होती, याची साक्ष देतात. खाली कोंढाणे, ठाणाळे, नेणवली. वर कार्ले, भाजे, बेडसे, पाले आणि पुढे शेलारवाडी अशी ही मालिका आहे.

बौद्ध संघाने विहारांसाठी निर्जन अरण्य निवडले, असा समज लेण्यांच्या आजच्या एकांतामुळे होतो. वस्तुतः ही सर्व ठिकाणे रहदारीच्या वाटेपासून तासाभराच्या चढावर आहेत. भिक्षेसाठी गाव जवळ असावे आणि ध्यानासाठी पुरेसे दूर असावे, असे हे अंतर आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या परिसरात स्वतः पायी हिंडून लेणी, जुन्या वाटा, गावदेवींची ठाणी आणि अश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे यांचा परस्परसंबंध दाखविला. त्यांच्या मते विहार हे केवळ उपासनेचे स्थान नसून व्यापारी तांड्यांना आधार देणारे एक आर्थिक केंद्रही होते. हे मत सर्वांशी मान्य झालेले नाही. परंतु कार्ल्याचे लेख वाचताना ते दृष्टीआड करता येत नाही.

भाजे : मळवली रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेस विसापूरच्या उतारावर ही बावीस लेणी आहेत. पश्चिम भारतातील सर्वांत प्राचीन शैलगृहांत त्यांची गणना होते. चैत्यगृहाचा काळ इ. स. पू. दुसरे शतक मानतात. या चैत्यगृहाला दगडी दर्शनी भिंतच नाही. ती लाकडाची होती व कालौघात नष्ट झाली. तिच्या जोडणीची भोके तेवढी खडकात दिसतात. आतील २७ अष्टकोनी स्तंभ किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवीत. दगडात त्याची काही गरज नव्हती, पण कारागिरांचा हात सवयीने लाकूडकामच करीत राहिला. छताला लाकडी फासळ्या बसविलेल्या असून त्यांतील काही मूळच्या आहेत. विसाव्या शतकात त्यांच्यावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आढळली. जवळच एका खोबणीत लहानमोठ्या चौदा स्तूपांचा समूह आहे. अंपिकिनक, धमगिरी, संघदिन या स्थविरांची नावे त्यांतील काहींवर आहेत. म्हणजे ते या विहारात राहून दिवंगत झालेल्या थोर भिक्षूंचे स्मारकस्तूप होत. एका पाण्याच्या टाक्यावर कौशिकीपुत्र विण्हुदत या महारठीचा दानलेख आहे. दक्षिण टोकाच्या विहारातील रथारूढ व गजारूढ आकृती सूर्य व इंद्र यांच्या असल्याचे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक त्यांत मांधाता राजाची कथा पाहतात.

बेडसे : कामशेतच्या दक्षिणेस पवन मावळात, पवनेच्या खोऱ्यावर नजर ठेवून हे लेणे उभे आहे. तिन्हींमध्ये पर्यटकांचा राबता येथे सर्वांत कमी; आणि, या लेखकाच्या मते, दर्शनी भागाचे सौंदर्य सर्वांत अधिक. खडकातील एका अरुंद बोळातून आत गेल्यावर सु. साडेसात मी. उंचीचे चार स्तंभ अकस्मात समोर येतात. त्यांच्या शिरोभागी अश्व, गज व वृषभ यांवर आरूढ झालेली युगुले आहेत. शेजारचा विहार चैत्यगृहाप्रमाणे मागील बाजूस अर्धवर्तुळाकार कोरलेला असून ही रचना लेण्यांत अनन्यसाधारण आहे. या विहारात यमाई देवीचे ठाणे आहे. एका लेखात अरण्यात राहणाऱ्या, भिक्षान्नावर निर्वाह करणाऱ्या गोभूती या मारकुडवासी स्थविराचा स्तूप त्याचा शिष्य असाळमित याने करविल्याचे म्हटले आहे. त्यावरून डोंगराचे प्राचीन नाव ‘मारकुड’ असल्याचे कळते. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुसणक याचे दान आणि सामडिनिका या महारठिनीने दिलेले पाण्याचे टाके यांचेही लेख येथे आहेत. सामडिनिका ही महाभोजाची कन्या व आपदेवणक याची पत्नी. महाभोजांची घराणी कोकणातील कुडे येथील लेखांवरून ज्ञात आहेत, तर महारठी घाटावरचे. घाटाच्या वर आणि खाली सत्ता असलेल्या कुळांत सोयरिकी होत, हे या एका टाक्यावरील दोन ओळींमुळे समजते.

कार्ले : वेहेरगावच्या डोंगरातील हे चैत्यगृह भारतातील सर्व शैलचैत्यगृहांत सर्वांत मोठे होय. ते सु. ३८ मी. लांब, सु. १४ मी. रुंद व तितकेच उंच आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अलंकृत स्तंभ असून त्यांच्यावर गुडघे टेकलेले हत्ती व घोडे आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची युगुले आहेत; स्तूपामागील सात स्तंभ मात्र साधे आहेत. प्रांगणात चार सिंहांचा शीर्षभाग असलेला उंच स्तंभ आहे. दुसऱ्या बाजूस त्याचाच जोडीदार असावा, असे मानतात. त्या जागी आता एकवीरा देवीचे मंदिर आहे. चैत्यगृहाच्या निर्मितिकालाविषयी मतभेद असून इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. दुसऱ्या शतकाचा आरंभ अशा निरनिराळ्या तिथी सुचविल्या गेल्या आहेत. दर्शनी भिंतीवरील बुद्धमूर्ती महायान काळात, सु. पाचव्या-सहाव्या शतकांत, नंतर कोरलेल्या आहेत. त्यासाठी पूर्वीचे नक्षीकाम काही ठिकाणी तासून काढलेले दिसते.

दरवाजाच्या डाव्या अंगाला वैजयंतीच्या (कर्नाटकातील बनवासी) भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. जंबुद्वीपातील हे उत्तम शैलगृह आपण पूर्ण केले, असे तो म्हणतो. ही प्रौढी अवास्तव नाही. परंतु ते एकट्या भूतपालाचे काम नव्हते, हे आतील लेखच सांगतात. सिंहस्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीचा. एक दरवाजा धेनुकाकट येथील सिंहदत या गंधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचा. दुसरा घडविला तो तेथीलच वेणुवासाचा पुत्र सामी या वढकीने, म्हणजे सुताराने. घुणिकाची आई असलेल्या कोडी नावाच्या भिक्षुणीने एक वेदिका दिली आणि ती नंदिकाने घडविली. शूर्पारकाचा सातिमित हा धम्मोत्तरीय पंथाचा प्रवचनकार; त्याने दिलेल्या स्तंभात पवित्र अवशेष ठेवल्याचे लेखात नमूद आहे. एक स्तंभ धेनुकाकटच्या वणियगामाचा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाचा आहे. एक-एक खांब, एक-एक कमान अशा वर्गणीतून ही वास्तू उभी राहिली. राजाने खजिना मोकळा केला आणि लेणे झाले, असे येथे घडलेले नाही.

धेनुकाकटचे यवन हा या लेखांतील सर्वाधिक चर्चिला गेलेला विषय आहे. सिहधय, यसवधन, चुलयख, धम अशी त्यांची नावे आहेत आणि ती बहुतेक भारतीय वळणाची आहेत. हे मूळचे ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेल्या कोणाही परक्याला यवन म्हणत, यावर एकमत नाही. बौद्ध संघाला दान देताना त्यांनी आपले ‘यवन’पण लपविले नाही आणि संघालाही ते खटकले नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे. धेनुकाकट कोठे, हेही निश्चित झालेले नाही. कोणी ते कोकणात डहाणूकडे, तर कोणी आंध्रातील धरणीकोट येथे शोधले. कोसंबींनी कार्ल्याजवळच्या देवघर या गावाकडे बोट दाखविले. ज्या गावाने कार्ल्याला इतके दाते पुरविले, ते फार दूर नसावे, हा त्यांचा युक्तिवाद सयुक्तिक वाटतो. पण दूरच्या वैजयंतीचा श्रेष्ठीही येथेच दान देतो, हे लक्षात घेता तो निर्णायक म्हणता येत नाही.

करजिक गावाचे दान : मामाल-आहाराच्या राजकीय इतिहासाचा गाभा कार्ल्याच्या दोन लेखांत आहे. पहिला लेख क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा. त्यात त्याने वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, चारी दिशांच्या भिक्षुसंघाच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याचे म्हटले आहे. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचे प्राचीन नाव होय. दुसऱ्या लेखात राजाचे नाव झिजून गेले असले, तरी राज्यवर्ष अठरा आणि नाशिकच्या लेखाशी असलेले साम्य यांवरून तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानला जातो. मामाड येथील अमात्याला त्यात आज्ञा आहे, की मामाल-आहारात उत्तरेकडील मार्गावर असलेले करजक हे गाव वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक भिक्षूंना द्यावे. गाव तेच आणि लेणीही तीच. फक्त देणारा बदललेला आहे. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला होता. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या निधीत नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उठविल्याचे आढळले. जे नाण्यांचे, तेच गावाचे. जिंकलेल्या मुलखातील शत्रूचे दान रद्द न करता आपल्या नावाने पुन्हा देणे, ही सत्तांतराची घोषणाच होती.

या आज्ञेतील तपशील लक्षणीय आहे. दान ‘भिक्षुहल’ म्हणून दिले आहे. राजपुरुषांनी गावात शिरू नये, यांसारखे परिहार त्याला लागू केले आहेत. अमात्याला लेखी आज्ञा जाते, याचा अर्थ मामाड येथे कारभाराचे ठाणे होते. नाशिककडील गोवर्धन-आहाराप्रमाणेच तेथे अमात्य नेमलेला असे. ‘उत्तरेकडील मार्ग’ या शब्दांवरून गावाची ओळख मार्गाच्या संदर्भाने दिली जात असे, हेही कळते. आजच्या करंजगावशी करजिकाची सांगड घालण्यात येते. उषवदाताने दान चारी दिशांच्या संघाला दिले होते, सातवाहनाने ते महासांघिक या एका निकायाला दिले. त्यामुळे विहारावरील पंथांच्या हक्कातही काही फेरफार झाला असावा. करजिकच्या कुणब्यांच्या दृष्टीने मात्र बदल एवढाच, की भाताचा राजभाग कोणाच्या कोठारात जायचा. त्यांचे मत कोणत्याच लेखात नाही.

गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या सातव्या राज्यवर्षी वासिष्ठीपुत्र सोमदेव या महारठीने वलूरकच्या संघाला आणखी एक गाव दिले. चोविसाव्या वर्षी सेतफरणाचा पुत्र हरफरण या अबुलामा येथील सोवसकाने नऊ कोठड्यांचा मंडप महासांघिकांना अर्पण केला. पितापुत्रांची ही नावे इराणी वळणाची वाटतात. एका डोंगरावर, दोन-तीन पिढ्यांच्या काळात, बनवासीचा श्रेष्ठी, सोपाऱ्याचा भिक्षू, यवन, शक क्षत्रपाचा जावई आणि इराणी नावाचा उपासक एकत्र आलेले दिसतात. एवढे लोक घाटवाटेशिवाय येथे पोहोचले नसते.

पाले व शेलारवाडी : या दोन लहान ठिकाणांना मार्गदर्शक पुस्तकांत क्वचितच जागा मिळते, पण इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. कामशेतजवळील पाले येथील लेण्यातील ब्राह्मी लेख ह. धी. सांकलिया व शोभना गोखले यांनी १९६९ च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ अर्हतांना वंदन करून होतो आणि भदंत इदरखिताने लेणे व पाण्याची पोढी करविल्याचे त्यात नोंदले आहे. लिपीवरून त्याचा काळ इ. स. पू. दुसरे-पहिले शतक ठरविला आहे. मंगलाचरणाच्या शैलीवरून तो जैन लेख मानला गेला. तसे असल्यास महाराष्ट्रातील जैनांच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक ठरतो आणि या घाटवाटेवर केवळ बौद्धांचाच वावर नव्हता, हे सिद्ध होते. याच इदरखिताचे नाव असलेला लेख अलीकडे लोहगडाच्या परिसरातही वाचण्यात आला आहे.

तळेगाव दाभाडेजवळील शेलारवाडीच्या डोंगरात एका लेण्याच्या भिंतीवर धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक या हालकिय कुटुंबिकाची, म्हणजे नांगरधारी शेतकऱ्याची, पत्नी सियगुतणिका हिचा दानलेख आहे. आपला पुत्र नंद गृहपती याच्यासह तिने हे लेणे दिले. मावळच्या माणसाचे नाव घेतले, की सतराव्या शतकातील ढालतलवारीचा मावळा आठवतो. त्याच्या पंधराशे वर्षे आधीची, स्वतःचे लेणे कोरवून घेण्याइतकी ऐपत असलेली आणि दानलेखात नवऱ्याचा धंदा नमूद करणारी ही शेतकरीण सहसा कोणाला आठवत नाही. सुतार, गांधी, भिक्षुणी आणि शेतकरीण यांची नावे राजांच्या नावांबरोबरीने जपणारा असा दस्तऐवज मध्ययुगीन मावळात पुन्हा आढळत नाही.

उत्तरकाळ : सहाव्या शतकानंतर लेण्यांचा आश्रय आटला आणि मावळचा इतिहास प्रामुख्याने गडांचा झाला. लोहगड (सु. १,०३० मी.), विसापूर, तुंग, तिकोना आणि श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले असलेली राजमाची या सर्वांचे प्रयोजन एकच : घाट आणि त्याकडे जाणारी खोरी नजरेखाली ठेवणे. लोहगड निजामशाहीकडे होता. १६५७ मध्ये तो शिवाजी महाराजांनी घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहाने तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत आला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कुरवंडे घाटाने कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाच्या मोगली फौजेला महाराजांनी उंबरखिंडीत कोंडीत पकडले. पावणेदोन हजार वर्षांपूर्वी तांडे ज्या घाटरानातून जात, तेथेच ही फौज अडकली. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे बखरींतील ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला आणि वडगाव येथे इंग्रजांना मानहानीचा तह करावा लागला. पुढे मार्च १८१८ मध्ये विसापूर इंग्रजांनी घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी लोहगड रिकामा झाला. तळेगावचे सेनापती दाभाडे घराणे आणि नाना फडणीसाने लोहगडावर केलेली दुरुस्ती यांचा येथे केवळ निर्देश पुरे.

इंग्रजी अमलात वाट तीच राहिली, साधने बदलली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये २५ बोगद्यांचा रेल्वेमार्ग पूर्ण झाला; त्याच्या बांधकामात हजारो मजूर राबले. लोणावळ्याचे खेड्यातून गाव झाले ते या रेल्वेमुळे. १९१५ मध्ये टाटांचे खोपोली येथील जलविद्युत् केंद्र सुरू झाले. त्यासाठी लोणावळ्याच्या आसपासची खोरी धरणांच्या जलाशयांनी व्यापली. पुढे पवना धरणाने पवन मावळातील भातखाचरे आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. कार्ले आणि भाजे यांच्या मधील दरीतून आज महामार्ग, द्रुतगती मार्ग व लोहमार्ग एकमेकांलगत धावतात.

अभ्यास व जतन : कार्ल्याचे लेणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून यूरोपीय प्रवाशांना परिचित होते. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांतील लेख प्रसिद्ध केले. पुढे फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी कार्ल्याच्या लेखांचे अधिक काटेकोर वाचन केले. कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश ‘मराठा लष्करी स्थापत्य’ या बारा किल्ल्यांच्या मालिकेत यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. ज्या लेण्यांमुळे मावळचे नाव दोन सहस्रकांमागे नेता येते, ती त्या यादीत नाहीत.

हानीची कारणे निसर्गाची तशीच माणसाचीही आहेत. थराथरांच्या कातळातून पावसाळ्यात पाणी पाझरते आणि उथळ कोरलेली अक्षरे झिजतात. सातवाहन राजाच्या आज्ञेतील राजाचे नावच गेले, ते असेच. बेडशाच्या चैत्यगृहात एकोणिसाव्या शतकात रंगकामाच्या खुणा होत्या. जागा स्वच्छ दिसावी म्हणून एका स्थानिक अधिकाऱ्याने चुना फासविला आणि त्या नाहीशा झाल्या. दगड टिकतो, पण रंग आणि लाकूड यांना दुसरी संधी नसते. एकवीरेच्या चैत्री यात्रेला कोकणातील कोळी व अन्य समाज मोठ्या संख्येने घाट चढून येतात. देवीचे मंदिर आणि चैत्यगृह एकाच प्रांगणात असल्याने गर्दीचे नियमन हा जतनाचाच भाग बनला आहे. कार्ल्याच्या छतातील मूळ सागवानी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र अद्याप आपल्या जागी आहेत. जगात एवढे जुने लाकूडकाम उभ्या इमारतीत क्वचितच पाहावयास मिळते.